मॅक्रोमधून तारखेतलं वर्ष, महिना, दिवस वेगळं काढताना १८९९ का येतंय?

मृण्मयी

नमस्कार मंडळी. एक्सेलच्या व्हीबीए मॅक्रोबद्दल (एक्सेलमध्ये काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) विचारायचंय. मोठी शीट आहे, ए कॉलममध्ये तारखा आहेत, दुसऱ्या सिस्टिममधून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा मजकूर) येते ती मॅक्रोच उघडतो आणि मग लूप लावून बी मध्ये वर्ष, सी मध्ये महिना, डी मध्ये दिवस आणि ई मध्ये वार लिहितो, म्हणजे पुढे पिव्होट (सारांशाचा तक्ता) लावता येईल. इयर, मंथ, डे, वीकडे ही नेहमीचीच फंक्शन्स वापरलीयेत, वेगळं काही नाही. (इथे सगळी नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय, एडिटरमध्ये अर्थातच रोमन आहेत.)

मॅक्रो चालतो पण तीन भानगडी आहेत. काही ओळींत वर्ष १८९९, महिना १२ आणि दिवस ३० येतो, आणि त्या ओळींत मूळ तारीख तर नाहीच आहे, सेल रिकामा आहे. दुसरं म्हणजे काही ओळींत दिवस-महिना उलटे होतात, ३ एप्रिल पाहिजे तिथे ४ मार्च. पण सगळीकडे नाही, २५ तारीख, १८ तारीख वगैरे एकदम बरोबर येतात, त्यामुळे नक्की कुठे बघायचं तेच कळत नाहीये. आणि तिसरं, मध्येच टाइप मिसमॅच, एरर १३ येऊन सगळं थांबतं.

अजून एक गंमत बघितली, त्याच रिकाम्या सेलवर शीटमध्येच इयरचा फॉर्म्युला लावला तर १८९९ नाही, १९०० येतं. एकाच सेलची दोन उत्तरं कशी काय?

जुना_लूप

१८९९ चं आधी सांगतो कारण ते समजलं की बाकीचं अर्धं आपोआप सुटतं.

एक्सेलमध्ये तारीख म्हणून वेगळं काही साठवलेलंच नसतं, आत एक आकडा असतो. पूर्णांक म्हणजे दिवस आणि दशांश म्हणजे त्या दिवसाची वेळ. ४५००० म्हणजे १५ मार्च २०२३, आणि ४५०००.७५ म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळचे सहा. सेलचं फॉरमॅट जनरल करून बघा, लगेच आकडा दिसेल. इयर, मंथ, डे ही फंक्शन्स हा आकडा घेऊन कॅलेंडरमधली जागा सांगतात, बाकी काही करत नाहीत.

आता रिकामा सेल म्हणजे व्हीबीएच्या लेखी एम्प्टी, आणि एम्प्टीचा आकडा करायची वेळ आली की तो शून्य होतो. व्हीबीएमध्ये शून्य म्हणजे ३० डिसेंबर १८९९. म्हणून तुम्हाला १८९९, १२, ३० हे तिन्ही मिळाले, फंक्शनने त्याला जे दिलं त्याचं अगदी बरोबर उत्तर दिलंय.

शीटमध्ये मात्र १ हा आकडा म्हणजे १ जानेवारी १९००, आणि शून्याला शीट 'जानेवारी १९०० ची ० तारीख' असं काहीतरी धरतं, म्हणून फॉर्म्युल्यात १९००. हा एका दिवसाचा फरक का पडला तर एक्सेलची शीट १९०० हे लीप वर्ष धरते. ते लीप नव्हतं, पण लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये ते तसं होतं आणि त्याच्या फाइल्स जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ते तसंच ठेवलं. त्यामुळे शीटमध्ये ६० नंबरला २९ फेब्रुवारी १९०० अशी प्रत्यक्षात नसलेली तारीख आहे. व्हीबीएने ती तारीख घेतली नाही, सुरुवात एक दिवस मागे सरकवली. १ मार्च १९०० पासून पुढे दोघांचे आकडे तंतोतंत जुळतात, सो रोजच्या कामात याचा त्रास होत नाही, फक्त रिकाम्या सेलमध्ये तो असा डोकं वर काढतो.

उपाय सोपा. भाग काढायच्या आधी इझएम्प्टी (सेल रिकामा आहे का ते सांगणारं फंक्शन) तपासा आणि रिकामं असेल तर पुढची ओळ.

अनुस्वार

जुना_लूप यांनी छान सांगितलंय. फक्त इझएम्प्टीवर थांबू नका असं म्हणेन. सेल रिकामा *दिसतो* आणि सेल रिकामा *असतो* यात फरक आहे. एक्सपोर्टमधून कधी कधी नुसती स्पेस येते, किंवा सेलमध्ये फॉर्म्युला असतो आणि तो रिकामी स्ट्रिंग (मजकूर) देत असतो. तिथे इझएम्प्टी 'रिकामा नाही' असं सांगेल आणि इयरला रिकामी स्ट्रिंग मिळाली की तोच एरर १३. तुमची तिसरी भानगड बहुतेक हीच आहे. एन/ए सारखी एरर असलेला सेल असेल तरी तेच होईल.

मी भाग काढायच्या आधी व्हारटाइप (व्हॅल्यू कुठल्या प्रकारची आहे त्याचा नंबर) बघतो. सेलच्या व्हॅल्यूचा व्हारटाइप ७ आला तर खरी तारीख, ८ आला तर टेक्स्ट, ५ आला तर नुसता आकडा, ० आला तर रिकामा, १० आला तर एरर. सिलेक्ट केस लावायचा आणि प्रत्येकाला वेगळी वाट द्यायची. ७ असेल तरच थेट इयर-मंथ-डे, बाकी सगळ्यांची आधी चौकशी.

रिकामा_सेल

इझडेट (ही तारीख आहे का ते तपासणारं फंक्शन) वापरलं तर नाही का चालणार? त्याचसाठी तर आहे ते.

अनुस्वार

चालतं पण ते फार उदार आहे. टेक्स्टची कुठल्यातरी क्रमाने तारीख *होऊ शकते* एवढंच ते सांगतं, कुठल्या क्रमाने ते सांगत नाही. आणि उलट बाजूने, सेल व्हॅल्यू२ ने वाचला असेल तर खऱ्या तारखेलाही इझडेट नाही म्हणतं कारण व्हॅल्यू२ तारीख देत नाही, साधा डबल आकडा देतं. व्हॅल्यू आणि व्हॅल्यू२ मधला हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चौथा_कॉलम

ताई, तुमच्या दुसऱ्या भानगडीबद्दल लिहितो, कारण तीच सगळ्यात धोक्याची आहे. १८९९ डोळ्याला खुपतं, एरर १३ थांबवतो, पण उलटलेला महिना कुणाला दिसतच नाही आणि रिपोर्ट पुढे निघून जातो.

एक करून बघा. मॅक्रोने फाइल उघडल्यावर लूप चालवायच्या आधी थांबा आणि ए कॉलमचं अलाइनमेंट काढून टाका, म्हणजे डावं-उजवं-मध्य काहीही लावलेलं नको. मग बघा, काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या असतील आणि काही डावीकडे. माझा अंदाज, उजवीकडच्या सगळ्यांचा दिवस १२ किंवा त्याच्या आत असेल आणि डावीकडच्या सगळ्या १२ च्या पुढच्या.

कारण असं की तुम्ही हाताने डबल क्लिक करून सीएसव्ही उघडली तर एक्सेल तुमच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे तारीख वाचतो. पण तीच फाइल मॅक्रोने वर्कबुक्स डॉट ओपनने उघडली तर तो अमेरिकन क्रम धरतो, आधी महिना मग दिवस. मग ०३/०४/२०२४ ही त्याने ४ मार्च म्हणून वाचली आणि खरी तारीख करून टाकली, ती उजवीकडे गेली. २५/१२/२०२४ ला २५ वा महिना नसतो, म्हणून ती त्याला तारीख वाटलीच नाही, टेक्स्ट म्हणून डावीकडे राहिली. आणि मग तुमचं इयर-मंथ-डे त्या टेक्स्टवर गेलं, व्हीबीएने ते स्वतःच तारखेत बदललं, आणि त्याला फक्त एकच अर्थ निघत असल्यामुळे उत्तर बरोबर आलं. म्हणून २५ आणि १८ बरोबर आणि ३ चुकीची.

उपाय म्हणजे ओपनला लोकल:=ट्रू हा आर्ग्युमेंट द्या, मग तो कॉम्प्युटरचं सेटिंग मानतो. मात्र कॉम्प्युटरचं सेटिंग दिवस-महिना-वर्ष आहे याची खात्री हवी, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या मशीनवर तोच मॅक्रो परत उलटं करेल. जास्त पक्कं हवं असेल तर ओपनटेक्स्ट वापरून फील्डइन्फोमध्ये त्या कॉलमला एक्सएलडीएमवायफॉरमॅट (दिवस-महिना-वर्ष हा क्रम) सांगा, त्याचा नंबर ४. फक्त एक अट, फाइलचं एक्स्टेन्शन सीएसव्ही असेल तर ओपनटेक्स्ट फील्डइन्फोकडे बघतच नाही, आधी टीएक्सटी नावाने कॉपी करून मग उघडा.

आणि हे नीट लक्षात घ्या, ज्या तारखा आधीच उलटल्यात त्या त्या शीटमध्ये दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. "१२ च्या आतले सगळे उलटे करून टाकू" असा मॅक्रो सुचतो पण कॉलममध्ये कुणी हाताने टाइप केलेली तारीखही असेल तर ती बरोबर असलेली आता चुकेल, आणि कोणती कुठली हे नंतर कळायला मार्ग नाही. मूळ सीएसव्ही परत उघडा.

मृण्मयी

चौथा_कॉलम, अगदी तसंच आहे!! अलाइनमेंट काढलं आणि बरोबर १२ वर रेष मारल्यासारखं, एक गठ्ठा उजवीकडे, एक डावीकडे. मूळ फाइल आहे माझ्याकडे, त्यामुळे परत उघडता येईल.

पण मग प्रश्न असा की टेक्स्ट म्हणूनच सगळं आणलं आणि मग लेफ्ट, मिड, राइटने तुकडे पाडले तर? तारखेत बदलायचंच कशाला, मला तर भागच हवेत.

जुना_लूप

वर्ष-महिना-दिवस एवढंच हवं असेल तर चालेल, पण तुम्हाला वारही हवाय आणि वार तुकड्यातून निघत नाही. म्हणून तुकडे पाडा आणि डेटसीरियलमध्ये घाला:

भाग = स्प्लिट(मजकूर, "/")
तारीख = डेटसीरियल(भाग(२), भाग(१), भाग(०))

डेटसीरियलचा क्रम नेहमी वर्ष, महिना, दिवस. कॉम्प्युटरचं सेटिंग काहीही असो, हा क्रम बदलत नाही, त्यामुळे सीडेटपेक्षा (मजकुराची तारीख करणारं फंक्शन) याच्यावर माझा जास्त भरवसा. सीडेट सेटिंग बघून ठरवतं आणि जमलं नाही तर गुपचूप दुसरा क्रम लावून बघतं, तुम्हाला सांगत नाही.

कोडमध्ये हॅशच्या मध्ये तारीख लिहायची सवय असेल तर तेही बघा, हॅशमधली तारीख कायम महिना-आधी वाचली जाते, कुठल्याही देशाचं सेटिंग असलं तरी.

अनुस्वार

डेटसीरियलबद्दल थोडी पुरवणी. ते चुकीची तारीख नाकारत नाही, पुढे सरकवतं. २०२४, २, ३१ दिलं तर एरर नाही, २ मार्च २०२४ मिळेल. म्हणून तारीख तयार झाली की परत डे(तारीख) काढायचा आणि टेक्स्टमधल्या दिवसाशी ताडून बघायचा, जुळला नाही तर ती ओळ बाजूला काढायची. महिन्यालाही तेच, १३ वा महिना दिला तर पुढच्या वर्षाचा जानेवारी होतो.

याच गुणाचा फायदाही आहे. महिन्याचा शेवटचा दिवस हवा असेल तर पुढचा महिना आणि दिवस ० द्या. डेटसीरियल(२०२४, ३, ०) म्हणजे २९ फेब्रुवारी २०२४. लीप वर्षाचं गणित आपण लिहायचंच नाही.

आणि ट्रिम (कडेच्या स्पेस काढणारं फंक्शन) लावूनही एरर १३ जात नसेल तर सेलमध्ये साधी स्पेस नसून न तुटणारी स्पेस आहे का बघा, कोड १६०. वेबवरून आलेल्या डेटात ती असतेच. ट्रिम तिला हात लावत नाही, रिप्लेसने सीएचआरडब्ल्यू(१६०) काढावी लागते.

रिकामा_सेल

मी सरळ सेलचं डॉट टेक्स्ट घेऊन त्यातून महिना काढतो, फॉरमॅट डीडी/एमएम/वायवायवायवाय लावलेला असतो त्यामुळे क्रमाची चिंताच नाही. हे बरोबर आहे ना?

चौथा_कॉलम

नका हो तसं करू. टेक्स्ट म्हणजे स्क्रीनवर जे दिसतं ते. कुणी कॉलमची रुंदी कमी केली की स्क्रीनवर हॅश-हॅश-हॅश दिसतं आणि टेक्स्टमध्येही तेच हॅश मिळतात, तारीख मिळतच नाही. कुणी फॉरमॅट बदललं तरी तेच. डेटा बदलला नाही, फक्त कॉलम अरुंद झाला आणि मॅक्रो मोडला, असं कधीच व्हायला नको.

फॉरमॅट फंक्शनचंही थोडं असंच. फॉरमॅट(तारीख, "एमएम") लिहिलं तर उत्तर ३ नाही, "०३" येतं आणि ते टेक्स्ट आहे. दाखवायला, फाइलच्या नावात लावायला उत्तम. पण त्यावर तुलना किंवा सॉर्ट करायला गेलात तर १० आधी आणि २ नंतर अशी गंमत होते, एकच एम लिहिला असेल तर. तुलनेसाठी मंथ, दाखवण्यासाठी फॉरमॅट.

मृण्मयी

वाराचं विचारायचं राहिलंच. वीकडेनेम(वीकडे(तारीख)) असं लिहिलंय, माझ्या मशीनवर बरोबर येतं आणि दुसऱ्या मशीनवर सगळे वार एकने पुढे सरकतात. तारीख तीच.

अनुस्वार

हा मला व्हीबीएमधला सगळ्यात अन्यायकारक प्रकार वाटतो. दोन फंक्शन्सचे डीफॉल्ट वेगळे आहेत. वीकडेला काही सांगितलं नाही तर तो आठवडा रविवारपासून मोजतो, रविवार १. वीकडेनेमला काही सांगितलं नाही तर तो सिस्टिमच्या सेटिंगप्रमाणे मोजतो. दुसऱ्या मशीनवर आठवडा सोमवारपासून असेल, तिथे १ म्हणजे सोमवार, म्हणून रविवारचा सोमवार झाला. दोन्हीकडे व्हीबीमंडे किंवा दोन्हीकडे व्हीबीसंडे स्पष्ट लिहा, प्रश्न मिटला. वीकडेनेममध्ये तो तिसरा आर्ग्युमेंट आहे, मधला नाव छोटं हवं की पूर्ण त्याचा.

वारांची नावं देवनागरीत हवी असतील तर ती कोडमध्ये टाइप करू नका, व्हीबीए एडिटर युनिकोड धरत नाही आणि प्रश्नचिन्हं होतात. शीटवर एका कोपऱ्यात सात सेलमध्ये नावं लिहा आणि वीकडेच्या नंबरने तिथून उचला. महिन्यांनाही तसंच, बारा सेल.

दशांश

चांगला धागा. आठवड्याच्या नंबरबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण पिव्होट म्हटलं की पुढची मागणी तीच येणार.

डेटपार्टमध्ये (तारखेचा हवा तो भाग देणारं फंक्शन) तिमाहीसाठी "क्यू", वर्षातला कितवा दिवस यासाठी "वाय", आठवड्यासाठी "डब्ल्यूडब्ल्यू" आणि मिनिटासाठी "एन" आहे (एम महिन्याने घेतलाय ना). क्यू आणि वाय बिनधास्त वापरा. डब्ल्यूडब्ल्यू मात्र जपून. आयएसओ पद्धतीचा आठवडा, म्हणजे सोमवारपासून सुरू आणि ज्या आठवड्यात वर्षाचे किमान चार दिवस येतात तो पहिला, असा हवा असेल तर व्हीबीमंडे आणि व्हीबीफर्स्टफोरडेज देतात. पण काही वर्षांच्या शेवटच्या सोमवारी ते १ च्या जागी ५३ सांगतं. २९ डिसेंबर २००३ टाकून बघा. तो सोमवार, त्याच आठवड्यातला गुरुवार १ जानेवारी २००४, म्हणजे तो २००४ चा पहिला आठवडा. डेटपार्ट म्हणणार ५३. मायक्रोसॉफ्टच्याच मदतपानावर हा दोष नोंदवलेला आहे.

एक्सेल २०१३ पासून शीटमध्ये आयएसओवीकनम आहे, ते वर्कशीटफंक्शनमधून बोलवता येतं. पण माझ्या मते गुरुवारची युक्ती अजून बरी, कारण तिच्यात *वर्षही* मिळतं:

गुरुवार = तारीख + ४ - वीकडे(तारीख, व्हीबीमंडे)
आठवडा = (डेटपार्ट("वाय", गुरुवार) - १) \ ७ + १
आठवड्याचं_वर्ष = इयर(गुरुवार)

तिरकी रेघ उलटी आहे, पूर्णांक भागाकाराची. आठवड्याचं वर्ष इयर(तारीख) ने काढलंत तर २९ डिसेंबर २००३ ही "२००३ चा आठवडा १" मध्ये जाऊन बसेल, म्हणजे अख्खं वर्ष मागे. पिव्होटमध्ये हे शोधायला फार त्रास होतो. आठवड्याचं वर्ष आणि कॅलेंडरचं वर्ष हे दोन वेगळे कॉलम ठेवा.

रिकामा_सेल

आणि आर्थिक वर्षाची तिमाही? क्यू तर जानेवारीपासूनच मोजतं.

दशांश

हो, क्यूला सुरुवातीचा महिना सांगायची सोय नाही. सुरुवातीचा महिना एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, समजा सुरू = ४.

आर्थिक_महिना = (मंथ(तारीख) - सुरू + १२) मॉड १२ + १
तिमाही = (आर्थिक_महिना - १) \ ३ + १

मार्च घालून बघा, ३ - ४ + १२ म्हणजे ११, मॉड (भागाकाराची बाकी) करून ११, अधिक १ म्हणजे १२ वा महिना, चौथी तिमाही. वर्ष हवं तर मंथ(तारीख) सुरूपेक्षा कमी असेल तेव्हा इयरमधून १ वजा करा. सुरू बदललं की सगळं बदलतं, कोडला हात लावावा लागत नाही.

जुना_लूप

तारखेसोबत वेळही येत असेल तर एक सांगतो. नुसती तारीख ठेवायला लोक सीलाँग वापरतात. सीलाँग कापत नाही, जवळच्या पूर्णांकाकडे नेतं. वर लिहिलेलं ४५०००.७५ सीलाँगमधून गेलं की ४५००१, म्हणजे १५ मार्चच्या संध्याकाळची नोंद १६ मार्चला. दुपारनंतरच्या सगळ्या नोंदी दुसऱ्या दिवसात. इंट वापरा. सीइंट तर मुळीच नको, इंटिजर ३२७६७ वर संपतो आणि आजच्या तारखा त्याच्या कितीतरी पुढे आहेत, लगेच ओव्हरफ्लो.

आणि व्हेरिएबलला इयर, मंथ, डे ही नावं देऊ नका. डिम इयर लिहिलं की त्या प्रोसिजरमध्ये इयर हे फंक्शन झाकलं जातं आणि एक्सपेक्टेड अ‍ॅरे असा एरर येतो, ज्यावरून खरं कारण काही केल्या कळत नाही. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये अशी नावं असतील आणि बदलायची नसतील तर फंक्शनच्या आधी व्हीबीए आणि टिंब लावा, व्हीबीए.इयर, मग ते मूळ फंक्शनच घेतं.

चौथा_कॉलम

ओळी खूप असतील तर सेलगणिक वाचू-लिहू नका. पूर्ण कॉलम एकदाच व्हेरियंटमध्ये घ्या, अ‍ॅरेवर (मेमरीतल्या यादीवर) लूप लावा, उत्तरांचा चार कॉलमचा दुसरा अ‍ॅरे भरा आणि शेवटी एकदाच शीटवर ओता. फरक डोळ्याला दिसतो. फक्त अ‍ॅरे घेताना व्हॅल्यू घ्या, व्हॅल्यू२ नाही, म्हणजे अनुस्वार म्हणतात तसा व्हारटाइप ७ तुम्हाला अ‍ॅरेतही मिळेल.

पानगळ

मी गूगल शीट्सवर असते, तिथल्या अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये हेच करायचं झालं तर? तिथे महिना एकने कमीच येतोय.

दशांश

तिथे भाषा जावास्क्रिप्ट, म्हणून गेटमंथ ० ते ११ देतं, जानेवारी ०. अधिक १ करायचं. दिवसासाठी गेटडेट, गेटडे नाही, गेटडे म्हणजे वार आणि त्यात रविवार ०. वर्षासाठी गेटफुलइयर, जुनं गेटइयर १९०० वजा करून देतं.

पण त्याहून महत्त्वाचं टाइमझोन. शीटचा टाइमझोन वेगळा आणि स्क्रिप्टचा वेगळा असू शकतो. नुसती तारीख म्हणजे शीटच्या टाइमझोनमधली मध्यरात्र, ती स्क्रिप्टच्या टाइमझोनमध्ये आदल्या दिवशी रात्री पडली तर गेटडेट एक दिवस मागचं देतं, आणि १ तारीख असेल तर महिनाही मागचा. युटिलिटीज.फॉरमॅटडेटला शीटचाच टाइमझोन देऊन भाग काढलात तर हे होत नाही.

लिबरऑफिस बेसिकमध्ये इयर-मंथ-डे तशीच आहेत, तिथे शीट आणि बेसिक दोघांचाही शून्य दिवस ३० डिसेंबर १८९९, त्यामुळे रिकाम्या सेलला दोन्हीकडे १८९९च येतं.

मृण्मयी

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ फाइल टीएक्सटी करून ओपनटेक्स्टने आणली, आता सगळ्या तारखा उजवीकडे आहेत आणि व्हारटाइपचा सिलेक्ट केस लावल्यावर एरर १३ गेला, नकोशा ओळी वेगळ्या शीटवर पडतायत. वाराला दोन्हीकडे व्हीबीमंडे टाकलं.

एक उरलंय. जुन्या फाइल्समध्ये वर्ष दोनच आकडी आहे, ०७/०३/३१ असं, आणि त्या मुदत संपायच्या तारखा आहेत, म्हणजे २०३१. मला १९३१ मिळतंय.

अनुस्वार

दोन आकडी वर्षाचं शतक व्हीबीए सिस्टिमच्या सेटिंगवरून ठरवतं, नेहमीचं सेटिंग ० ते २९ म्हणजे २०००-२०२९ आणि ३० ते ९९ म्हणजे १९३०-१९९९. तुमचं ३१ त्या रेषेच्या पलीकडे गेलं. डेटसीरियललाही दोन आकडी वर्ष दिलं तर तेच होतं. त्या कॉलममध्ये फक्त मुदतीच्या तारखा आहेत ना, मग स्प्लिटनंतर तिसऱ्या भागाची लांबी २ असेल तर त्यात २००० मिळवून चार आकडी वर्षच डेटसीरियलला द्या. जन्मतारखांच्या कॉलमला मात्र हा नियम लावू नका, तिथे ३१ म्हणजे १९३१च असेल, त्यामुळे शतक ठरवणारी ओळ प्रत्येक कॉलमसाठी वेगळी ठेवा.